सशाला ‘नको’ म्हणण्याची रीत



आपल्यापैकी बऱ्याच जणींची मुलं आता अमेरिकेत स्थायिक आहेत. एप्रिल उजाडला की तिकडून अंगणातल्या ट्युलिपचे फोटो येतात, आणि आठ दिवसांत पाठोपाठ तक्रार येते, “आई, सगळ्या कळ्या सशांनी खाल्ल्या.” मग प्रश्न सुरू होतात. घरच्या घरी काय फवारावं? मिरचीचं पाणी चालेल का? कुणी अंडं फेटून शिंपडायला सांगतं, कुणी लसूण, तर दुकानातली तयार बाटली सगळ्यांत सोपी. पण आपल्या घरात यातलं काय चालतं?

प्रश्न चार फुलझाडांचा वाटतो. मी मात्र वाचायला बसले तेव्हा त्यामागे दोन हजार वर्षांची हकिकत निघाली. मी वाणिज्य शाखेची पदवीधर, त्यामुळे जमा आणि नावे मांडल्याशिवाय मला काही समजत नाही. माणसाने सशाला बागेबाहेर ठेवण्यासाठी काय काय केलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, तो हिशेब आज तुमच्यासमोर ठेवते.

आधी एक लक्षात घ्या. आपण सगळ्यांनाच ससा म्हणतो, पण हे प्राणी वेगवेगळे आहेत. आपल्या माळरानावर उड्या मारत पळतो तो रानससा. तो बीळ करत नाही. युरोपातला ससा जमिनीखाली बिळांचं गावच वसवतो. घरोघरी पाळतात ते पांढरे ससे त्याच्याच वंशातले. अमेरिकेतल्या अंगणात येतो तो कॉटनटेल, म्हणजे कापसाच्या बोंडासारख्या शेपटीचा. तो तिथला मूळ रहिवासी. आपल्या मुलांनी घर घेतलं त्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथे राहतो आहे.

बादशहाकडे गेलेला अर्ज

युरोपातला ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. स्पेनजवळच्या बेलिआरिक बेटांवर सशांची संख्या इतकी वाढली की तिथल्या लोकांनी रोमचा सम्राट ऑगस्टस याच्याकडे सैन्याची मदत मागितली, असं प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवलं आहे. सशांविरुद्ध सैन्य! वाचताना हसू येतं, पण उभं पीक गेलं की माणूस कुठवर जातो तेही कळतं.

इंग्लंडमध्ये गोष्ट उलटी झाली. तिथे बाराव्या शतकाच्या सुमारास नॉर्मन लोकांनी ससे आणले ते मांसासाठी आणि कातड्यासाठी. त्या थंड, ओल्या हवेत ते नीट टिकेनात, म्हणून त्यांच्यासाठी मातीचे लांबट उंचवटे बांधून दिले आणि राखणीला माणसं ठेवली. ससा ही जमीनदाराची मालमत्ता होती. गरिबाने धरला तर शिक्षा. पुढे तेच ससे कुंपणाबाहेर पसरले आणि शेतकऱ्याचे वैरी ठरले. नातवंडांना आपण पीटर रॅबिटचं पुस्तक वाचून दाखवतो, ते १९०२ सालचं. चित्रं किती गोड! पण त्यातल्या पीटरचे वडील त्याच बागेत सापडले आणि मालकाच्या बायकोने त्यांना पायमध्ये घातलं, हे लेखिकेने सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे. त्या काळच्या बागेतला सरळ व्यवहार तो.

चोवीस सशांचं कर्ज

सगळ्यांत मोठी नोंद ऑस्ट्रेलियाच्या नावे आहे. १८५९ च्या नाताळात व्हिक्टोरिया प्रांतातल्या थॉमस ऑस्टिन या जमीनदाराकडे इंग्लंडहून चोवीस ससे आले. कारण काय, तर शिकारीची हौस. मोकळं रान, सौम्य हिवाळा आणि शत्रू कमी. काही दशकांत ससे खंडभर पसरले आणि मेंढ्यांची कुरणं उघडी पडली.

१८८७ मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने सशांचा नायनाट करणाऱ्या उपायाला २५,००० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. फ्रान्सचे लुई पाश्चर यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू देऊन आपल्या पुतण्याला सिडनीला पाठवलं. सशांबरोबर पक्षीही मरतील म्हणून तो उपाय नाकारला गेला. मग पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात कुंपणं घातली. त्यातलं पहिलंच १,८३३ किलोमीटरचं, आणि तिन्ही मिळून ३,२५६ किलोमीटर. तरी ससे पलीकडे गेलेच. काही ठिकाणी तर कुंपण पूर्ण होण्याआधीच ते पोचले होते.

१९५० मध्ये मिक्सोमॅटोसिस हा रोग मुद्दाम सोडण्यात आला. सशाचे डोळे सुजतात, तो आंधळा होतो आणि काही दिवस तडफडून मरतो. अंदाजे साठ कोटी ससे होते, ते दोनेक वर्षांत दहा कोटींवर आले असं सांगतात. जे उरले त्यांच्यात रोगाशी लढण्याची ताकद आली, आणि संख्या पुन्हा वाढू लागली.

याच रोगाची एक फ्रेंच हकिकत मला फार लागली. १९५२ मध्ये आर्मां-देलिय नावाच्या डॉक्टरांनी आपल्या बंदिस्त इस्टेटीतले ससे हटवायला दोन सशांना हा रोग टोचला. भिंत होती, तरी रोग बाहेर पडला. एक-दोन वर्षांत फ्रान्सभर पसरला, १९५३ मध्ये इंग्लंडला पोचला आणि तिथले शंभरातले पंचाण्णवहून अधिक ससे मेले. डॉक्टरांना १९५५ मध्ये दंड झाला आणि पुढच्याच वर्षी जंगलवाल्यांकडून सुवर्णपदक मिळालं. एकाच कृत्याला एकाकडून दंड, दुसऱ्याकडून पदक. आपल्या आवारापुरती केलेली हिंसा आवारात राहत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

अमेरिकेचं अंगण

कॉटनटेलची कथा वेगळी, कारण त्याला कुणी बाहेरून आणलं नव्हतं. १९१६ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने शेतकऱ्यांसाठी या सशांवर एक पुस्तिका काढली. तिच्यात बंदूक, सापळे आणि विष आहेच, पण जाळीचं कुंपण, खोडाभोवतीचं वेष्टण आणि झाडाला लावायचे लेपही आहेत. जुने बागायतदार सफरचंदाच्या कोवळ्या खोडाला रक्त किंवा चरबी चोळत. ससा शाकाहारी, त्याला रक्ताचा वास म्हणजे जवळ शिकारी आहे अशी सूचना. आजच्या फवाऱ्यांचे पूर्वज ते हेच.

दुसऱ्या महायुद्धात घरोघरी भाजी पिकवा अशी मोहीम निघाली आणि १९४३ पर्यंत तिथे सुमारे दोन कोटी बागा झाल्या. घरच्या बागेत बंदूक चालवता येत नाही आणि मुलं खेळतात तिथे विष ठेवता येत नाही. याच सुमारास, १९४२ मध्ये, जे. आय. रोडेल यांनी रसायनांशिवाय शेती आणि बाग करण्यावर मासिक सुरू केलं. १९६२ मध्ये रेचल कार्सन यांच्या पुस्तकाने कीटकनाशकांविषयी लोकांचे डोळे उघडले. त्यानंतर स्वयंपाकघरातल्या मिरची, लसूण, साबण, अंडी यांच्या फवाऱ्यांना मान मिळाला.

हा बदल छोटा नाही. सैन्य, विष, रोग या सगळ्यांत सशाला संपवायचं होतं. फवाऱ्यात त्याला फक्त “इथे नको” एवढंच सांगायचं आहे. म्हणूनच आपल्या मुली-सुनांना तो जवळचा वाटतो. पण थांबा, हिशेब अजून पुरा झालेला नाही.

बाटलीवरची बारीक अक्षरं

१९९६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, कमीत कमी धोक्याच्या घटकांची एक यादी केली. हे घटक वापरून केलेल्या फवाऱ्यांना नोंदणीच्या मोठ्या कटकटीतून सूट मिळते. ती यादी वाचताना मला आपला मिसळणाचा डबाच आठवला. लवंग आहे, दालचिनी आहे, तिळाचं तेल, पांढरी मिरी, पुदिना, गवती चहाचं तेल, मीठसुद्धा. आणि त्याच यादीत लसूण आहे, वाळवलेलं रक्त आहे आणि सडवलेल्या अंड्याची भुकटीही आहे.

म्हणजे बाटलीवर ‘नैसर्गिक’ लिहिलेलं असेल, हिरवं पान छापलेलं असेल, ससाही मरत नसेल, पण आत कत्तलखान्यातलं रक्त असू शकतं. अंड्याचे फवारे तिथे सर्रास मिळतात आणि चांगले चालतात, कारण अंडं सडताना सुटणारे गंधकाचे वास प्राण्याला मांसाची आठवण देतात. काही बाटल्यांत तर कोल्ह्याचं किंवा कोयोटीचं मूत्र असतं. पिंजऱ्यात ठेवलेल्या प्राण्यांकडून ते गोळा करतात. एका सशाला हाकलण्यासाठी दुसरा प्राणी जन्मभर पिंजऱ्यात. जमेच्या बाजूला ससा वाचला असं लिहायचं आणि नावेची बाजू कोरी ठेवायची, हा खोटा ताळेबंद झाला.

माझ्या लेकीने न्यू जर्सीतल्या एका दुकानात उभं राहून मला फोन केला होता. “आई, यात ससे मरत नाहीत म्हणतात. घेऊ?” मी म्हटलं, “अगं, मागची बाजू वाच.” तिने वाचली आणि बाटली जागेवर ठेवली. बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. तीच इथे उपयोगी पडते.

मिरचीची स्वतःची युक्ती

उरली मिरची. ती मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या बाजूने आपल्याकडे आली आणि इतकी आपली झाली की ती पाहुणी होती हे आपण विसरलो. तिच्यात तिखटपणा का असतो? २००१ मध्ये टुक्सबरी आणि नाबान या दोन संशोधकांनी ॲरिझोनातल्या रानमिरचीवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. उंदरांच्या जातीचे प्राणी ती मिरची टाळतात, कारण त्यांना ती झोंबते. पक्ष्यांना ती झोंबतच नाही. उंदीर बी चावून मारतो, तर पक्षी ते अखंड गिळतो आणि दूर नेऊन टाकतो. म्हणजे कुणाला ‘ये’ म्हणायचं आणि कुणाला ‘नको’, हे झाडानेच ठरवलं, आणि ज्याला नको म्हटलं त्यालाही मारलं नाही.

झोंबणं म्हणजे काय, तेही पुढे उलगडलं. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या नसांवरच्या एका ग्राहकाला चेतवतं. तोच ग्राहक उष्णतेनेही चेतवला जातो. म्हणून जळत नसताना जळल्यासारखं वाटतं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्यूलियस यांच्या गटाने तो ग्राहक शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. ससाही आपल्यासारखा सस्तन प्राणी, पण त्याला ती आपल्याइतकी झोंबत नाही. तरी एखादा घास घेऊन तो तोंड फिरवून दुसरीकडे जाऊ शकतो.

अन्नपाननिरोध होतो का?

इथे एक शंका मला स्वतःला आली. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाचवा म्हणजे कुणाचं अन्नपाणी अडवणं. मग भुकेल्या सशाच्या तोंडचं पान तिखट करणं यात बसतं का?

मी विचार केला तो असा. जो जीव आपल्या दावणीला आहे, आपल्यावर अवलंबून आहे, त्याचं अन्न अडवणं हा उघड दोष आहे. अंगणातला ससा आपल्या दावणीला नाही. हिरवळीतला क्लोव्हर आणि डँडेलियनची पानं तो आवडीने खातो. पण सगळं अंगण तणनाशकाने साफ करून वर फुलंही तिखट केली, तर त्याला खायला काय उरलं? म्हणून मी लेकीला सांगते, मागचा एक कोपरा क्लोव्हरचा राहू दे. फुलं आपली, तो कोपरा त्याचा. असं केलं की ‘नको’ म्हणण्याचा आपल्याला थोडा तरी अधिकार पोचतो.

सशाचं आणि आपलं नातं जुनं आहे. श्वेतांबर आगमातल्या ज्ञाताधर्मकथेत मेघकुमाराच्या पूर्वजन्माची कथा येते. वणवा लागला तेव्हा हत्तीने साफ केलेल्या मोकळ्या जागेत सगळे प्राणी दाटीवाटीने उभे राहिले. हत्तीने अंग खाजवायला पाय उचलला, तेवढ्यात एक ससा त्या रिकाम्या जागेत येऊन बसला. हत्तीने पाय खाली टेकवलाच नाही. वणवा विझेपर्यंत, अडीच दिवस, तो तीन पायांवर उभा राहिला. जागा हत्तीनेच साफ केलेली होती, तिथे पाय टेकवण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. तरी त्याने आधी खाली पाहिलं.

करायचं कसं

एक लिटर गाळलेलं पाणी घ्या. त्यात दोन चहाचे चमचे झणझणीत तिखट घाला. रंगासाठीची ब्याडगी इथे कामाची नाही, लवंगीसारखी हवी. तिकडे केयेन मिळते. खिडक्या उघडून दहा मिनिटं उकळा, वाफेवर तोंड धरू नका, ठसका लागतो. निवल्यावर दुहेरी फडक्यातून गाळा, नाहीतर फवाऱ्याचं तोंड तुंबतं. भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार थेंब घाला, म्हणजे पाणी पानाला धरून राहतं. कांदा, लसूण, अंडं, काहीही लागत नाही. बऱ्याच कृतींत हे मिश्रण चार-आठ दिवस मुरत ठेवायला सांगतात. तसं करू नका. मुरलं की त्यात जीवोत्पत्ती होते. लागेल तेवढंच ताजं करा आणि त्याच दिवशी संपवा.

आता महत्त्वाचं. साबणाच्या पाण्याने आणि तिखटाने मऊ अंगाचे बारीक किडे मरू शकतात. म्हणून साबण थेंबांतच ठेवा. उमललेल्या फुलावर मारू नका, तिथे मधमाशी बसते. पानांवर आणि कळीच्या देठाखाली, दिवस कलताना, माश्या परतल्यावर पण उजेड असताना मारा, म्हणजे काय बसलं आहे ते दिसतं. आधी एका पानावर मारून एक दिवस वाट पाहा. पाऊस पडला की पुन्हा मारावं लागतं, नवं पान फुटलं की तेही उघडंच असतं. हातमोजे आणि चष्मा घाला. बाटलीवर नाव लिहा, घरात नातवंडं असतात.

आणि खरं सांगायचं तर फवारा हा दुय्यम उपाय आहे. कडक हिवाळ्यात भुकेला ससा तिखटही चावतो. सगळ्यांत भरवशाचं म्हणजे वाफ्याभोवती दोन फूट उंच जाळी, भोकं एक इंचाहून मोठी नकोत, आणि खालची कड चार-सहा इंच जमिनीत पुरलेली. ऑस्ट्रेलियाचं कुंपण हजारो किलोमीटरचं होतं म्हणून हरलं. आपला वाफा दहा फुटांचा असतो. जाळी लावण्याआधी आत पिल्लं नाहीत ना, ते पाहा. कॉटनटेल मादी हिरवळीतच उथळ खळगा करून, गवत आणि स्वतःच्या अंगचे केस घालून पिल्लं ठेवते. पहाटे आणि संध्याकाळी फक्त पाजायला येते, म्हणून घरटं टाकून दिल्यासारखं दिसतं. तीनेक आठवड्यांत पिल्लं आपली आपण निघून जातात. तोवर तेवढ्या जागेवर गवत कापायचं यंत्र फिरवू नका.

नवीन रोपं लावताना डॅफोडिल आणि लॅव्हेंडर लावा, ससे सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. झेंडू लावला की ससा येत नाही, ही मात्र नुसती समजूत. कधी कधी तो झेंडूही खातो.

एवढं सगळं करून एखादी कळी गेलीच, तर ती खर्चाच्या बाजूला लिहा. दोन हजार वर्षांच्या या वहीत इतका स्वस्त खर्च दुसरा सापडणार नाही.

जय जिनेंद्र.